ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

फेब्रुवारीच्या २७ तारखेला मराठी शाळांमधून भाषा गौरव दिन साजरा होतो, तेव्हा फादर स्टीफन्स यांच्या मराठीस्तुतीच्या ओव्या हमखास म्हटल्या जातात. फुले, सुगंध, रत्ने, पक्षी अशा उपमा देत एका इंग्रज धर्मगुरूने चारशे वर्षांपूर्वी मराठीला सर्व भाषांत मानाचे आसन दिले, याचे अप्रूप वक्त्यांना आणि श्रोत्यांना सारखेच वाटते. मात्र त्या ओव्या ज्या ग्रंथाच्या आरंभी येतात, तो ग्रंथ उघडून पाहण्याचा योग फार थोड्यांना येतो. भाषेचा गौरव हा त्या ग्रंथाचा मुख्य विषय नव्हे. दक्षिण गोव्यातील सासष्टीच्या गावांत रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये जमणाऱ्या माणसांना नव्याने स्वीकारलेल्या श्रद्धेत वाढता यावे, यासाठी तो रचला गेला. मराठीची थोरवी तेथे ओघाने आली. आणि ती तेथे का यावी लागली, हे त्या धर्मगुरूच्या आयुष्याकडे पाहिल्यावाचून उमगत नाही.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुशटन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. मुलाला विंचेस्टरच्या नामांकित शाळेत लॅटिनचे उत्तम शिक्षण मिळाले. थॉमस नऊ-दहा वर्षांचे असताना पहिली एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि १५५९ च्या कायद्याने देशाचा उपासनाविधीच बदलला. जुनी लॅटिन मिस्सा बेकायदा ठरली. दर रविवारी नव्या पद्धतीच्या उपासनेला हजर राहणे सक्तीचे झाले आणि गैरहजेरीला दंड बसू लागला. ज्यांना हा बदल मानवला नाही, त्यांची श्रद्धा घराच्या चार भिंतींत गेली.

या बंदीचा अर्थ नीट कळण्यासाठी कॅथलिक जीवनाची घडण लक्षात घ्यावी लागते. स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, विवाह, धर्मगुरुदीक्षा आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग असे सात संस्कार तेथे मानले जातात. हिंदू घरांतील सोळा संस्कारांप्रमाणेच जन्मापासून मरणापर्यंतची वाट ते आखून देतात. मात्र एक मोठा फरक असा, की यांतील ख्रिस्तप्रसाद आणि प्रायश्चित्त हे दोन आयुष्यभर पुनःपुन्हा घ्यावयाचे असतात. पापाची कबुली देऊन क्षमा मागणे आणि मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद ग्रहण करणे, यांवाचून श्रद्धेचे पोषण होत नाही अशी ती धारणा. या दोहोंसाठी धर्मगुरू लागतो. धर्मगुरूच नाहीसा झाला, की उरते ती फक्त प्रार्थना: जपमाळ, स्तोत्रे, रात्री निजण्यापूर्वीचे आत्मपरीक्षण. थॉमस यांचे तारुण्य अशा अर्धउपाशी श्रद्धेच्या काळात गेले.

याच काळात त्यांची थॉमस पाउंड या सरदारपुत्राशी मैत्री झाली. हे गृहस्थ एके काळी राणीच्या दरबारातील शोभा होते. राणीपुढे नाचताना तोल जाऊन पडले, भर दरबारात त्यांचा उपहास झाला आणि त्या क्षणापासून त्यांनी दरबाराकडे पाठ फिरवली, अशी कथा सांगतात. पुढे त्यांनी प्रार्थनेचे जीवन पत्करले. स्टीफन्स त्यांच्याबरोबर, संशय येऊ नये म्हणून त्यांचा नोकर बनून, सुमारे दोन वर्षे हिंडले. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घेण्याचे ठरवले. पण निघण्याच्या वेळी पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. तेथे गेल्यावरही ते मित्राला विसरले नाहीत. पाउंड यांना तुरुंगात असतानाच संघाचे सदस्य करून घ्यावे, असा अर्ज त्यांनी संघप्रमुखांकडे केला आणि तो मान्य झाला.

२० ऑक्टोबर १५७५ रोजी स्टीफन्स रोममधील सांत आंद्रेआ या उमेदवारगृहात दाखल झाले. तेथील जीवनाचा पाया म्हणजे संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची महिनाभराची मौनसाधना. या साधनेत ख्रिस्तचरित्रातील एकेक प्रसंग डोळ्यांपुढे उभा करावयाचा असतो: जागा कशी होती, माणसे काय बोलत होती, वारा कसा होता, वास कोणता येत होता. केवळ तत्त्व न घोकता साधकाने त्या प्रसंगात जाऊन उभे राहावे, अशी अपेक्षा असते. ख्रिस्तपुराणातील वर्णने ज्यांनी वाचली आहेत, त्यांना या शिस्तीची खूण तेथे जागोजाग सापडेल. काव्याची देणगी निसर्गदत्त असेल; पाहण्याची सवय मात्र सांत आंद्रेआमधली.

त्या दिवसांत रोमच्या येशूसंघीय महाविद्यालयात क्लाव्हियस हे गणिती शिकवीत असत. ईस्टरचा दिवस चंद्र आणि वसंतसंपात यांवरून ठरतो, आणि जुन्या पंचांगात साचलेल्या चुकीमुळे तो ऋतूपासून सरकत चालला होता. ती चूक काढून नवे ग्रेगोरियन पंचांग तयार करण्याच्या कामात क्लाव्हियस यांचा मोठा वाटा होता. उपासना वर्षाला आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पवित्र सप्ताह, ईस्टर, पेंटेकॉस्ट असा क्रम असतो आणि त्यातला बराचसा भाग ईस्टरच्या तारखेवर तोललेला असतो. म्हणून हा खटाटोप. १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. इंग्लंडने हे पंचांग १७५२ पर्यंत स्वीकारले नाही. परिणामी सासष्टीत स्टीफन्स ईस्टर साजरा करीत, तेव्हा त्यांच्या जन्मगावी बहुतेक वर्षी ईस्टर वेगळ्याच दिवशी येई. घर दुरावल्याची याहून बारीक खूण दुसरी नसेल.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजे गोव्याकडे निघाली. त्यांतील एकावर स्टीफन्स होते. २४ ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले. भारतात पाऊल ठेवल्याची नोंद असलेले ते पहिलेच इंग्रज असावेत असे मानले जाते. १० नोव्हेंबरला वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या प्रवासाची हकीकत कळवली. विषुववृत्ताजवळचा निर्वात समुद्र, हिरड्या सुजवणारा रोग, पूर्व-पश्चिम अंतर मोजण्याचे साधन नसल्याने वाट चुकण्याचा धोका, जमीन जवळ आल्याची चाहूल देणारे पक्षी, हे सारे त्यात आहे. त्यांच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मरण पावली. इतर वर्षांच्या मानाने हे नुकसान थोडेच समजले गेले, असेही ते लिहून जातात. हे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानच्या वाटेची माहिती म्हणून ते वाचले. लिहिणाऱ्याचे मन मात्र व्यापारात नव्हते.

१५८० मध्ये गोव्यात त्यांना धर्मगुरुदीक्षा मिळाली आणि नेमणूक झाली ती सासष्टीत. सहासष्ट गावांचा हा महाल. मडगाव आणि राशोल ही त्यातली मुख्य ठिकाणे. येथील परिस्थिती साधी नव्हती. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायपीठ बसले होते. १५६७ मध्ये राशोलच्या पोर्तुगीज किल्लेदाराने सासष्टीतील अडीचशेहून अधिक देवळे जमीनदोस्त केली होती. मंगेशीची मूर्ती कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गेची केळशीहून कवळ्याला, खाडीपलीकडे हलवली गेली ती याच काळात. जुने ग्रंथ बाळगणे हा गुन्हा झाला होता. ज्यांनी स्नानसंस्कार घेतला त्यांत मनापासून घेणारे होते, तसेच जमीन आणि गाव टिकवण्यासाठी घेणारेही होते. सत्तेच्या बळाने उपासना बदलली की माणसाच्या घरात काय होते, हे स्टीफन्स यांनी इंग्लंडमध्ये सोसणाऱ्यांच्या बाजूने पाहिले होते. सासष्टीत ते सत्तेच्या बाजूच्या संस्थेचे धर्मगुरू होते. हा विरोधाभास त्यांच्या चरित्रातून पुसून टाकता येत नाही.

२५ जुलै १५८३ रोजी तो रक्ताच्या रूपात पुढे आला. कुंकळ्ळी गावात चर्च आणि क्रूस उभारण्यासाठी जागा पाहायला गेलेले पाच येशूसंघीय आणि त्यांचे काही सोबती गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. त्यांत रुदोल्फो आक्वाविवा होते. अकबराच्या दरबारात काही वर्षे राहून ते नुकतेच परतले होते आणि संघप्रमुख क्लाउदिओ आक्वाविवा यांचे ते पुतणे होते. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या मुख्यांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची कत्तल केली. या घटनेला तीन महिने होतात न होतात तोच, २४ ऑक्टोबरला, स्टीफन्स यांनी पॅरिसमध्ये असलेल्या आपल्या भावाला पत्र लिहिले. सहकाऱ्यांच्या मृत्यूचा वृत्तांत त्यात आहेच. त्याच पत्रात येथील भाषांविषयीही ते लिहितात: त्यांचा उच्चार कानाला गोड लागतो आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिनशी नाते सांगणारी आहे, असे निरीक्षण ते नोंदवतात. युरोपीय आणि भारतीय भाषांच्या नात्याचा शास्त्रीय विचार सुरू होण्यापूर्वी दोनशे वर्षे आधीची ही नोंद. पण येथे लक्षात राहते ते दुसरेच. चहूकडे द्वेष आणि भीती असताना हा माणूस माणसांच्या बोलण्याकडे कान लावून बसला होता.

त्याच वर्षाअखेर राल्फ फिच, न्यूबेरी आदी चार इंग्रज हेर समजून गोव्यात कैदेत ठेवले गेले, तेव्हा त्यांची जामिनावर सुटका व्हावी म्हणून स्टीफन्स यांनी खटपट केली. ते व्यापारी पुढे निसटून अकबराच्या राज्यात गेले. इंग्रजी इतिहासात स्टीफन्स यांचे नाव येते ते बहुधा एवढ्याच प्रसंगापुरते.

सासष्टीचे लोक घरी कोंकणी बोलत. पुराण, कीर्तन, भजन मात्र मराठीत चाले. स्टीफन्स यांनी दोन्ही भाषा आत्मसात केल्या आणि दोहोंची कामे वेगळी ओळखली. रोजच्या शिकवणीसाठी त्यांनी कोंकणीत गुरु-शिष्य संवादाच्या रूपाने ‘दौत्रिना क्रिस्तां’ हे पुस्तक लिहिले. क्रुसाची खूण कशी करावी, येशूने शिकवलेली प्रार्थना, मरियेची वंदना, श्रद्धासूत्र, दहा आज्ञा, ख्रिस्तसभेच्या आज्ञा, संस्कार, असा त्याचा क्रम. रविवारी मिस्सा ऐकावी, उपवासकाळात पापांची कबुली द्यावी, ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घ्यावा, ही वर्षाची किमान शिस्त त्या काळी लहान मुलांकडून पाठ करून घेतली जाई. कोंकणीचे व्याकरणही त्यांनी रचले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याची गणना होते.

पण प्रश्नोत्तरांनी बुद्धीचे समाधान झाले तरी कान उपाशीच राहतात. ख्रिस्तपुराणाच्या आरंभी याविषयीचा एक प्रसंग आहे. धर्मशिक्षणाचा वर्ग चालू असताना एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्री गुरूजवळ येतो आणि अडचण सांगतो. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी मन रमवील असे दुसरे काही तुम्ही का देत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. या प्रश्नात तक्रार आहे आणि ती न्याय्य आहे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या एकत्र बसून पुराण ऐकले, त्याच्याकडून ते काढून घेतले गेले होते. नव्या उपासनेतील मिस्सा लॅटिनमध्ये चाले. ती पाहता येई, तिच्यापुढे गुडघे टेकता येत. शब्द मात्र कानांवरून जात. स्टीफन्स यांच्या मायदेशातील नव्या पंथाने प्रार्थना लोकांच्या भाषेत आणली होती आणि ते स्वतः लॅटिन मिस्सासाठी घर सोडून आले होते. त्यांनी मिस्साची भाषा बदलली नाही, तो अधिकार त्यांना नव्हताच. मिस्साच्या भोवतालचा वेळ त्यांनी मराठीने भरून काढला.

एकनाथांचे निधन १५९९ मधले. त्यांच्या ओवीचा नाद अजून हवेत असतानाच स्टीफन्स यांची ओवी आकार घेत होती: पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, मोकळा. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत आहे. ‘आदिपुराणा’त सृष्टीची उत्पत्ती, आदिमानवांचे पतन आणि तारणाऱ्याची युगानुयुगांची प्रतीक्षा, ‘देवपुराणा’त येशूचा जन्म, कार्य, दुःखसहन, मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण. अध्यायांना ‘अवस्वरू’ असे नाव असून पहिल्या भागात ते ३६ आणि दुसऱ्यात ५९ आहेत. ग्रंथाची ही मांडणी उपासना वर्षाशी सहज जुळते. आगमनकाळात ख्रिस्ती मन ज्या वाट पाहण्यात रमते, ती वाट म्हणजे सारे आदिपुराण. नाताळपासून स्वर्गारोहणापर्यंतचे सण म्हणजे देवपुराणाचे टप्पे. श्रोत्याला स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा ओळखीचा शब्द भेटतो. जुन्या दैवतांवर टीका करणारी स्थळेही ग्रंथात आहेत, आणि आजच्या वाचकाला ती खटकतील. तरीही एखाद्या हरदासाने सांगावी तशी कथा सांगण्याची त्यांची हातोटी अशी, की परका माणूस बोलतो आहे हे पुष्कळदा विसरायला होते.

मराठीच्या स्तुतीच्या त्या प्रसिद्ध ओव्या येथेच येतात. ग्रंथ कोणत्या भाषेत रचला आणि का, याचे कारण श्रोत्यांना सांगणे त्यांना आवश्यक वाटले. ज्यांचे ग्रंथ हिरावले गेले होते त्यांच्यासमोर, त्यांच्याच भाषेचे थोरपण पाद्रीच्या तोंडून मोठ्याने म्हटले जावे, याला तेव्हाच्या सासष्टीत केवढा अर्थ असेल!

ग्रंथ देवनागरीत छापावा अशी त्यांची फार इच्छा होती. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी संघप्रमुख आक्वाविवा यांना, कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रुदोल्फो यांच्या चुलत्यांना, पत्र लिहून देशी लिपीत पुस्तके छापण्याची परवानगी मागितली. अडचण खिळ्यांची होती. रोमन लिपीला दोन डझन अक्षरे पुरतात. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे धरून येथे सहाशेहून अधिक साचे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. तसे खिळे झाले नाहीत. १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यात ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीतच. त्या वेळी स्टीफन्स सदुसष्ट वर्षांच्या आसपास होते.

तेव्हापासून रविवारी आणि सणांच्या दिवशी सासष्टीच्या चर्चमधून पुराण वाचले जाऊ लागले. घंटा, मिस्सा, मग ओव्या. लॅटिन, पोर्तुगीज, कोंकणी आणि मराठी अशा चार भाषा एकाच आवारात नांदू लागल्या. त्यांच्या खुणा अजून बोलीत आहेत. गोव्याचा ख्रिस्ती माणूस चर्चला इगर्ज, क्रुसाला खुरीस आणि पापनिवेदनाला कुमसार म्हणतो. आणि साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसलेला ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. उपासना वर्षानेही या मातीचा रंग घेतला. संत जॉनचा २४ जूनचा सण ऐन पावसाळ्यात विहिरी भरल्यावर येतो आणि तरुण मुले त्यांत उड्या घेऊन तो साजरा करतात. नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणली जातात.

फादर स्टीफन्स १६१९ मध्ये गोव्यात निवर्तले. चाळीस वर्षांत ते मायदेशी एकदाही परतले नाहीत. ‘दौत्रिना’ १६२२ मध्ये आणि व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही राशोललाच, त्यांच्या पश्चात छापून झाले. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ मध्ये निघाल्या.

मग वारे फिरले. १६८४ च्या जूनमध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. देशी भाषांतले छापकाम थांबले. ख्रिस्तपुराण मात्र थांबले नाही, कारण तोवर ते छापखान्यावर अवलंबून राहिलेले नव्हते. गोवा सोडून दक्षिणेकडे मंगळूर भागात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेले. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने या समाजाला कैद करून श्रीरंगपट्टणला नेले, तेव्हा तेथे ना मिस्सा होती ना पापनिवेदन. त्या वर्षांत पुराणाच्या ओव्या म्हणून माणसांनी धीर धरला, अशी आठवण मंगळूरच्या घरांत सांगितली जाते. इंग्लंडमधील एका मुलाने लहानपणी पाहिलेली अवस्था, दोनशे वर्षांनी, त्याच्याच ओव्या म्हणणाऱ्यांच्या वाट्याला आली होती.

१६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरहून ख्रिस्तपुराण रोमन लिपीत पुन्हा छापले, ते हस्तलिखितांवरून. देवनागरीतील एक जुने हस्तलिखित लंडनच्या मार्सडन संग्रहात आढळले. आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यात संपूर्ण ग्रंथ देवनागरीत प्रसिद्ध केला. १६०८ च्या पत्रात स्टीफन्स यांनी ज्या लिपीसाठी परवानगी मागितली होती, तीत त्यांचे पुराण ३४८ वर्षांनी छापून निघाले.